‘सांगूनही ऐकत नाहीत’ असे ठरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठी भाषा पंधरवड्यात एका महाविद्यालयात विकिपीडियाची कार्यशाळा झाली. तिथून आलेल्या विद्यार्थ्यांनी वृत्तपत्रांतले आणि संकेतस्थळांवरचे मजकूर जसेच्या तसे लेखांत चिकटवले. सूचना दिल्या तरी तेच चालू आहे. आमच्या संपादक गटातले काही जण म्हणतात, खाती सरळ ब्लॉक करा. काही म्हणतात, मुले नवीन आहेत, मजकूर काही दिवस राहू द्या, हळूहळू शिकतील. काय करावे?

मजकूर राहू देऊ नका, तो आजच काढा. खाती मात्र आज ब्लॉक करू नका. मराठी विकिपीडियावर होणारा प्रत्येक ताजा बदल दाखवणाऱ्या ‘अलीकडील बदल’ या पानावर मी बरीच वर्षे लक्ष ठेवून आहे आणि कार्यशाळांमध्ये शिकवतेही. दोन्ही कामांतून माझे मत असे झाले आहे की ‘सांगूनही ऐकत नाहीत’ ही तक्रार करण्याआधी आपले सांगणे त्यांच्यापर्यंत पोहोचले का, हे तपासायला हवे. बहुतेक वेळा ते पोहोचलेलेच नसते.

आधी मजकुराचे बोलू, कारण तिथे मला सवलत मान्य नाही. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली असतो. श्रेय द्यायचे आणि तोच परवाना पुढे चालू ठेवायचा, एवढ्या अटींवर तो कोणीही वापरू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. एखाद्या पत्रकाराने लिहिलेली बातमी आपण तिथे चिकटवली, तर जे आपले नाही ते आपण जगाला वाटून टाकतो. कोणीतरी ते विश्वासाने उचलून स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात छापतो आणि अडचणीत येतो. १९५७च्या भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रकाशित केलेले लेखन भारतात २०११ पासून खुले आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. गेल्या आठवड्याच्या बातमीबद्दल वेगळे सांगायला नको. आणि हक्क संपलेले साहित्य असले तरी अख्खी कविता ज्ञानकोशाच्या लेखात ओतणे बरोबर नाही, तिची जागा विकिस्रोतात, म्हणजे मूळ साहित्य साठवणाऱ्या जोडप्रकल्पात, आहे.

‘थोडे दिवस राहू द्या’ म्हणणाऱ्यांना एक तांत्रिक बाबही सांगते. चिकटवलेल्या परिच्छेदावर पुढे पाच जणांनी काम केले, कोणी शुद्धलेखन सुधारले, कोणी दुवे जोडले, की तो उपटून काढणे फार कठीण होते. त्या पाच जणांची मेहनतही वाया जाते. लेखाच्या इतिहासात जुनी आवृत्ती शिल्लक राहते ती वेगळीच. प्रचालकाला, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या संपादकाला, ती लपवावी लागते. पहिल्या तासात काढलेला मजकूर कोणालाच फारसा जड जात नाही, सहा महिन्यांनी काढलेला सगळ्यांना जड जातो.

चिकटवलेला मजकूर ओळखायला अनुभव लागतो, पण फार नाही. ‘अलीकडील बदल’मध्ये हिरव्या रंगात अधिक नऊ हजार असा आकडा दिसला की नवा तपासनीस दचकतो. तो आकडा बाइटचा असतो, आणि देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ती भर तीन हजार चिन्हांची, साधारण साडेचारशे-पाचशे शब्दांची. कोणी सकाळभर बसून लिहिले तर एवढे होऊ शकते. तेव्हा आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. रफार आणि वेलांट्या जागा सोडून पडल्या असतील, ओळी मध्येच तुटत असतील, तर मजकूर पीडीएफमधून किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून रूपांतर होऊन आलेला असतो. ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ किंवा ‘हेही वाचा’ ही अक्षरे राहून गेलेली असतात. शंका आली तर मधलेच एखादे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. पण मग तारखाही पाहा. कित्येक संकेतस्थळे विकिपीडियावरून उचलतात, आणि आपण आपल्याच जुन्या लेखकाला चोर ठरवून बसण्याची शक्यता असते. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पानाची जुनी प्रत मिळाली तर कोण आधी, हे कळते.

आता माणसाकडे वळू. ही मुले का चिकटवतात?

आळस हे उत्तर सोपे आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत चुकीचे आहे. शाळेत प्रकल्पाची वही आठवा. ‘माहिती गोळा करा’ असे सांगितले जायचे, आणि मुले गाईडमधून, पेपरमधून, पुढे इंटरनेटवरून सुवाच्य अक्षरात उतरवून आणायची. जितके जसेच्या तसे, तितके गुण. माहिती कुठून आणली, हे कोणी विचारले नाही. त्याच मुलाला आपण म्हणतो, ज्ञानकोशात माहिती भर. तो त्याला माहीत असलेल्या एकमेव पद्धतीने भरतो. त्याच्या दृष्टीने त्याने कामच केलेले असते, तेही चांगले. त्यात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराला लेखक नसतोच. पेपरात छापले म्हणजे सर्वांसाठी छापले, अशीही प्रामाणिक समजूत असते. संतांवर किंवा शिवाजी महाराजांवर लिहिताना तर एक वेगळाच संकोच मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. मोठ्या अभ्यासकाने लिहिलेले वाक्य बदलणारे आपण कोण, असे मुलांना वाटते. शब्द बदलणे त्यांना उद्धटपणा वाटतो.

याहून खोल कारण मला कार्यशाळांत दिसते, आणि त्याची जबाबदारी आपल्याकडेही येते. घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा कोरकू बोलणारी मुलगी जेव्हा ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ हे वाक्य ऐकते, तेव्हा ती गडबडून जाते. तिचे स्वतःचे शब्द वर्गात कधी चालले नाहीत. न-ण वरून, ‘मी गेली होती’ वरून तिला हसलेले असते. छापलेली मराठी तिला सुरक्षित वाटते, कारण त्यात कोणी चूक काढणार नाही. मग ती छापलेलेच आणून ठेवते. आणि आपण काय करतो? तिने कधीतरी धीर करून स्वतः चार ओळी लिहिल्या, की आपल्यातला कोणीतरी पहिला प्रतिसाद ऱ्हस्व-दीर्घावर देतो. ज्या समूहात शुद्धलेखनावरून खरडपट्टी निघते तिथे नकल वाढते, असे माझे निरीक्षण आहे. प्रमाणलेखन मलाही हवे आहे, पण ते नंतर कोणीही नीट करू शकते. वेलांटी दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागतो. आपल्याला लिहिता येते हा विश्वास एकदा गेला तर तो आपल्या हातात परत आणता येत नाही. म्हणून नवख्याच्या पहिल्या स्वतंत्र परिच्छेदावर शुद्धलेखनाची टिप्पणी करू नये, गुपचूप दुरुस्ती करावी, असा नियमच मी माझ्या गटात घातला आहे.

तुमची परिस्थिती वाचून मला २०११चे पुणे आठवले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने त्या वर्षी पुण्यातल्या काही महाविद्यालयांत भारतीय शिक्षण प्रकल्प सुरू केला. विद्यार्थ्यांनी इंग्लिश विकिपीडियावर आपापल्या विषयाचे लेख लिहायचे आणि ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मोजले जायचे, अशी योजना होती. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात पाठ्यपुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर एवढ्या प्रमाणात चिकटवला गेला की तो साफ करताना जगभरचे स्वयंसेवक थकून गेले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्रकल्प थांबवावा लागला. फाउंडेशनने नंतर त्याचे स्वतंत्र मूल्यमापनही करून घेतले. मला त्यातून विद्यार्थ्यांचा अप्रामाणिकपणा शिकायला मिळत नाही. मुले खूप होती आणि एकदम आली होती. त्यांना मदत करायला नेमलेल्यांपैकी बहुतेक जण स्वतःच नवे होते. गुण आणि अंतिम मुदत डोक्यावर होती. ज्यांना हे सगळे निस्तरायचे होते त्या जुन्या संपादकांना पुरेसे विश्वासात घेतलेले नव्हते. आणि चर्चा पानांवर, म्हणजे सदस्यांना निरोप लिहायच्या पानांवर, इशारे पडत राहिले, तरी मजकूर येत राहिला.

तुमच्या कार्यशाळेतही हे तपासा. किती विद्यार्थी होते, आणि त्यांचे काम त्याच आठवड्यात वाचणारे अनुभवी लोक किती होते? माझा स्वतःचा हिशेब असा की एका जाणत्या माणसामागे पाच-सहापेक्षा जास्त नवखे झेपत नाहीत. हे कोणत्याही संशोधनातून आलेले नाही, हाताखालून गेलेल्या कामावरून सांगते. साठ मुलांची कार्यशाळा आणि दोन मार्गदर्शक, असे असेल तर नियमभंग होणार, हे त्या दिवशी सकाळीच ठरलेले असते. त्याची शिक्षा मुलांना देऊ नये.

आता त्या पोहोचण्याबद्दल. विकिपीडियावर सूचना सदस्याच्या चर्चा पानावर दिली जाते. नवख्याला चर्चा पान म्हणजे काय, हे माहीत नसते. संगणकावर निदान घंटेजवळ लाल आकडा दिसतो. मोबाइलवर तोही चटकन लक्षात येत नाही, आणि विकिपीडियाच्या मोबाइल ॲपवर चर्चा पानावरचे संदेश नीट दिसत नाहीत ही तक्रार जगभरच्या संपादकांनी अनेक वर्षे केली आहे. आपल्याकडचे विद्यार्थी तर बहुतांशी मोबाइलवरच असतात. अशा मुलीला चार सूचना गेल्या, पाचवी ‘अंतिम इशारा’ म्हणून गेली, आणि तिने एकही पाहिली नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आणखी एक गंमत वाटावी अशी पण फार महाग पडणारी गोष्ट: कार्यशाळेत मुले घाईत खाते उघडतात, ईमेल देत नाहीत, आठवड्याभरात पासवर्ड विसरतात. ईमेल नसल्याने तो परत मिळवता येत नाही. मग ती नवे खाते उघडतात. आपली सूचना जुन्या खात्याच्या पानावर पडून राहते, आणि आपण म्हणतो, बघा, दुसऱ्या नावाने येऊन तेच करतोय. म्हणून खाते उघडताना ईमेल भरून घेणे हा मी कार्यशाळेचा पहिला धडा करते. तसेच एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच खाती उघडता येतात, त्यामुळे सातव्या मुलापासून गोंधळ सुरू होतो आणि मैत्रिणीच्या खात्यावरून काम केले जाते. आधी अर्ज करून ही मर्यादा सैल करून घेता येते, किंवा मुलांना घरूनच खाते उघडून यायला सांगता येते.

सूचना पोहोचली तरी ती कळायला हवी. आपले सूचनांचे तयार साचे एकदा नवख्याच्या डोळ्यांनी वाचा. ‘प्रताधिकार उल्लंघन’, ‘उल्लेखनीयता’, ‘द्रुतमाघार’, वर तांबडी चौकट, खाली बारा दुवे. एवढे वाचून पुढे नेमके काय करायचे, हे कळत नाही. कारण कळणे किती महत्त्वाचे, याबद्दल रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर झालेला एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. २०१९ साली जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी सुमारे ३ कोटी २० लाख पोस्टी तपासल्या. पोस्ट काढताना कारण सांगितले गेले होते तिथे त्या सदस्याची पुढची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता कमी आढळली. कारण माणसाने सांगितले की बॉटने, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रामने, यात लक्षणीय फरक दिसला नाही, हे मला आधी पटले नव्हते, आता पटते. नवख्याला काय चुकले, ते कळायला हवे असते. सगळी कारणे हाताने लिहीत बसायला आपल्याकडे माणसे नाहीत, तेव्हा चांगला, सोप्या मराठीतला साचा एकदा बसून लिहावा आणि तो वापरावा.

नेथन मतायस या संशोधकाचा २०१६चा प्रयोगही याच वाटेवरचा आहे. रेडिटवरच्या विज्ञानचर्चांच्या वर त्याने नियम ठळक लावून पाहिले, एकूण २,१९० चर्चांमध्ये. नवख्यांनी नियम पाळण्याचे प्रमाण सुमारे आठ टक्केबिंदूंनी वाढले, आणि नवख्यांचा सहभाग सरासरी सत्तर टक्क्यांनी वाढला. नियम दाखवले तर लोक बिचकतील, अशी भीती आपल्यातल्या सांभाळून घेणाऱ्यांना असते. तिथे उलटे घडले. दारातच नियम दिसले की आत काय चालते, याचा अंदाज येतो आणि माणूस निर्धास्त होतो. विकिपीडियावर ही जागा संपादन चौकटीच्या वर आहे. तुमच्या कार्यशाळेच्या लेखांवर तिथे दोन ओळींची सूचना लावता येते: मजकूर कुठूनही उतरवू नका, वाचा, बाजूला ठेवा आणि मग लिहा.

मी पाठवते तो संदेश साधारण असा असतो:

“नमस्कार. तुम्ही ‘लोणार सरोवर’ लेखात आज भर घातली, त्याबद्दल आभार. त्यातला दुसरा आणि तिसरा परिच्छेद एका वृत्तपत्राच्या बातमीतून जसाच्या तसा आला आहे. त्यावर त्या वृत्तपत्राचा हक्क असल्याने मला तो काढावा लागला. माहिती चांगली आहे, ती राहायला हवी. बातमीत काय सांगितले आहे ते तुमच्या भाषेत तीन-चार ओळींत इथे खालीच लिहा, मी वाचते. भाषेच्या चुका झाल्या तरी चालतील, आपण नीट करू. हा संदेश दिसला, एवढे कळवले तरी पुरे.”

यात शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उत्तर आले की सूचना पोहोचली, एवढे पक्के होते. नाही आले तर पोहोचली नाही असे धरून दुसरा मार्ग शोधायचा: संपादन सारांशात (बदलासोबत जाणाऱ्या छोट्या टिपेत) लिहायचे, लेखाच्या चर्चा पानावर लिहायचे, सदस्याने ईमेल दिला असेल तर तिथे लिहायचे. कार्यशाळेतली मुले असतील तर प्राध्यापकांना फोन करणे सर्वांत सोपे. तक्रार म्हणून करू नका, निरोप म्हणून करा. मुलांची नावे घेऊन ‘यांनी चोरी केली’ असे वर्गात जाहीर होईल असे काहीही प्राध्यापकांना सांगू नका. तसे झाले की ती मुलगी परत येत नाहीच, शिवाय तिच्या वर्गातले इतरही येत नाहीत.

‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे काय, हे करून दाखवावे लागते. लोणारचेच घेऊ. बातमी अशी असते: ‘विदर्भाच्या कुशीत दडलेले हे निसर्गाचे अद्भुत लेणे सध्या गुलाबी शालू नेसून पर्यटकांना खुणावत आहे.’ मी मुलांना विचारते, यात माहिती कोणती? हळूहळू उत्तरे येतात. सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने ते तयार झाले. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी दिसू लागले, आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे असे झाल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराचा महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. ही चार वाक्ये मुलांची स्वतःची असतात. माहितीवर कोणाचा हक्क नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो, हे कायद्याचे कलम न वाचता त्यांना समजते. शेवटी बातमीचा संदर्भ जोडायचा. आणि ज्ञानकोशाला शालू आणि लेणे लागत नाही, हेही जाता जाता कळते. तटस्थ लेखनाचा वेगळा तास घ्यावा लागत नाही.

आता ब्लॉककडे. ते हत्यार वापरूच नये, असे मी म्हणत नाही. संदेश पोहोचला आहे, उत्तर आले आहे किंवा दोन वेगळ्या मार्गांनी निरोप गेला आहे, आणि तरीही मजकूर येतोच आहे, तेव्हा थांबवावे लागते. पण सगळीकडून थांबवू नका. २०१९ पासून विकिपीडियाच्या प्रणालीत आंशिक ब्लॉकची सोय आहे. सदस्याला लेखांत संपादन बंद करायचे, चर्चा पान आणि धूळपाटी (सरावाचे पान) उघडी ठेवायची. संपादन करायला गेल्यावर कारण समोर येते, त्यामुळे ज्याला कोणतीच सूचना दिसली नाही त्यालाही ही दिसते. कित्येक जणांचे पहिले उत्तर मला अशा थांबवण्यानंतरच आले आहे: ‘मॅडम, मला माहीतच नव्हते.’ म्हणून त्या कारणाच्या चौकटीत नुसते ‘प्रताधिकारभंग’ लिहू नका. कुठे बोलायचे, काय लिहून दाखवले की ब्लॉक उठेल, ते त्या चौकटीतच लिहा. आणि मुदत छोटी ठेवा.

एवढी काळजी का घ्यायची, असे कोणी विचारील. इंग्लिश विकिपीडियाचा अनुभव सांगते. तिथे सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरावर होती आणि नंतर बरीच घसरली. संशोधक ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांच्या २०१३च्या अभ्यासात असे दिसले की नवख्यांच्या कामाचा दर्जा फारसा बिघडलेला नव्हता. चांगल्या हेतूने आलेल्यांचे काम पूर्वीपेक्षा जास्त उलटवले, म्हणजे रद्द केले, जात होते, तेही बरेचदा स्वयंचलित साधनांनी, आणि ते लोक निघून जात होते. इंग्लिश विकिपीडियाने २०१२ साली ‘टीहाउस’ सुरू केले ते याच काळजीतून. नवख्याने कितीही प्राथमिक प्रश्न विचारावा आणि कोणीतरी सौजन्याने उत्तर द्यावे, एवढेच तिथे चालते. त्यांच्याकडे माणसे गेली तरी हजारो उरतात. आपल्याकडे नियमित लिहिणारे मूठभर, प्रचालक बोटांवर मोजण्याइतके. कोल्हापूरच्या कुस्तीच्या तालमींवर किंवा झाडीपट्टीच्या नाटकांवर लिहू शकणारी एक मुलगी गेली, तर तो लेख बहुधा कोणीच लिहीत नाही. मला हे फार लागते.

सगळे नियमभंग एका प्रकारचे नसतात, हे खरे. कोणी नुसते ‘नमस्कार’ टाइप करून पाहतो. ते उलटवा आणि धूळपाटीचा दुवा द्या. शिवीगाळ करणाऱ्याला संदेश लिहीत बसू नका. निवडणुकीच्या तोंडावर इच्छुक नगरसेवकांची चरित्रे येतात. ती काढा आणि तटस्थ स्रोत कोणते लागतात ते एका ओळीत सांगा. गूगलवरून उचललेले फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात, चढवले जातात. तिथे सांगायचे एवढेच की स्वतः काढलेला फोटो चालेल, मग तो साध्या मोबाइलचा का असेना. गावच्या वेशीचा, जत्रेचा, एसटी स्थानकाचा फोटो मुलांकडून सहज मिळतो आणि तो कोणाकडेच नसतो.

अलीकडे मात्र एक नवा प्रकार वाढला आहे आणि त्यावर जास्त वेळ द्यायला हवा: एआयकडून लिहून घेतलेले लेख. तो मजकूर कुठून उचललेला सापडत नाही, भाषा गुळगुळीत असते आणि संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे असतात. इंग्लिश विकिपीडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये असे न तपासता टाकलेले लेख तातडीने काढण्याचा नियम केला. मराठीतही मजकूर काढावाच. पण इथेही मुलीला वाटलेले असते की आपण उतरवले नाही, म्हणजे नियम पाळला. तिला मी एकच विचारते, ‘तू दिलेला हा संदर्भ स्वतः उघडून पाहिलास का?’ या प्रश्नाला तिने उत्तर दिले की पुढचे बोलणे सोपे होते.

कधी मजकूर खरोखरच चिकटवणाऱ्याचाच असतो. निवृत्त शिक्षक आपल्या जुन्या लेखातला भाग स्वतःच टाकतात आणि आपण त्यांनाच चोरीची सूचना देतो. त्यांना अपमान वाटतो, आणि वाटणारच. म्हणून संदेशात ‘हा मजकूर तुमचाच असेल तर कृपया कळवा’ ही ओळ असू द्या. मग विकिमीडियाच्या परवानगी पाहणाऱ्या स्वयंसेवकांना ईमेलने संमती पाठवता येते. पण आधी नीट समजावा की एकदा मुक्त परवाना दिला की तो मागे घेता येत नाही आणि मजकूर कोणीही बदलू शकतो. काहींना ते नको असते, तोही त्यांचा हक्क आहे. संस्था मनावर घेतात तेव्हा मात्र मोठे काम होते. गोवा विद्यापीठाने २०१३ साली चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली आणला, आणि त्यातला मजकूर वापरायला सगळ्यांना सरळ वाट मिळाली. तुमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात स्थानिक इतिहासावरचे चांगले लेख असतील तर प्राचार्यांशी आणि त्या लेखकांशी हे बोलून पाहण्यासारखे आहे.

ब्लॉक झालेले विद्यार्थी परत येतील, तेव्हाचे शेवटी सांगते. काही जण नव्या खात्याने येतील. ब्लॉक असताना दुसरे खाते उघडणे हा वेगळा नियमभंग आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. कामाची पद्धत सुधारली असेल तर जुन्या खात्याचा उल्लेख नव्या सदस्य पानावर करायला सांगा आणि पुढे जाऊ द्या. पद्धत तीच असेल तर नवे खाते बंद करून जुन्या चर्चा पानावर बोलवा. माफीनामा मागू नका. ‘पुन्हा असे करणार नाही’ हे कोणीही लिहितो, त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी काढून टाकलेल्यांपैकी एक परिच्छेद चर्चा पानावर नव्याने लिहायला सांगा, संदर्भासह. मूळ बातमी शेजारी उघडून तो वाचा. वाक्ये नुसती उलटसुलट केली असतील तर कुठे ते दाखवा आणि पुन्हा लिहू द्या, दोनदा, तीनदा. जमले की त्याच वेळी ब्लॉक उठवा आणि परिच्छेद लेखात तुम्ही टाकू नका, त्या विद्यार्थ्यालाच टाकू द्या, म्हणजे लेखाच्या इतिहासात त्याचेच नाव राहील.